यंदा बगळे दहापैकी दहा

लोर्ना लग्नाची तारीख ठरवायला कॅलेंडर घेऊन स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिचे वडील ओर्विल स्टेन्झल टेबलावर कोपरं रोवून ‘यंदाचे बगळे’ लिहीत बसले होते. बगळे म्हणजे बार्लो कॉलेजचा फुटबॉलचा संघ; फुटबॉल अमेरिकन, चेंडू हातानं फेकायचा तो. मोसम सुरू होण्याआधी गावच्या साप्ताहिकात त्याचं भाकीत लिहिण्याचा मान ओर्विल यांचा. जन्मभर त्यांनी लोकांची घरं तापवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या, त्या अजून धडधडताहेत. भाकीत मात्र एकदाही लागू पडलेलं नव्हतं. दरवर्षी ते दहाच्या दहा सामने जिंकून देत आणि बगळे त्यातला एखादा, समोरच्यांची बस वाटेत बंद पडली तर, जिंकत.

“बाबा, ऑक्टोबरचा दुसरा शनिवार,” लोर्ना म्हणाली.

“त्या दिवशी डनमोरशी सामना आहे.”

“माहितीये. सामना नसलेले शनिवार चर्चनं केव्हाच देऊन टाकलेत. तुमच्यासारख्याच बापांना.”

“मग जानेवारी घे.”

“जानेवारीत एमेट बर्फ काढत असतो.” एमेट म्हणजे नवरा मुलगा. रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी तो चालवायचा. हिवाळ्यात त्याचं लग्न लावायचं म्हणजे वऱ्हाड अडकून पडणार आणि त्याला सोडवायला नवरदेवच जाणार.

ओर्विल पुन्हा कागदाकडे वळले. लोर्ना शेजारी खुर्ची ओढून बसली आणि एकदम गोड आवाजात म्हणाली, “यंदा कसे आहेत हो बगळे?”

सिंकपाशी उभ्या असलेल्या तिच्या आईनं, व्हर्नाबाईंनी, मान वळवली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्यांचाच होता.

“यंदा?” ओर्विल फुलले. “अगं, तो नवा पोरगा काय फेकतो! दहापैकी दहा!”

“आणि डनमोर?”

“डनमोर तर डाव्या हातचा मळ.”

“नक्की?”

“डोळे मिटून जिंकू!”

“मग डोळे उघडून बघायला कशाला जायचं, बाबा?”

ओर्विल पेचात सापडले. ‘नक्की नाही’ म्हणावं तर जन्माची श्रद्धा बुडते, ‘नक्की’ म्हणावं तर सामना बुडतो. शेवटी त्यांनी पेन उचललं आणि पोरीच्या देखत लिहिलं: ‘डनमोरला आपण असे धुऊन काढू, की त्या दिवशी स्टेडियमकडे कोणी फिरकलं नाही तरी चालेल.’

ओर्विल यांच्या एकाही भाकितावर गावानं आजवर विश्वास ठेवला नव्हता. यावर ठेवला. दंतवैद्यानं त्या शनिवारी छपराचं रंगकाम काढलं, ग्रंथालयानं जुन्या पुस्तकांची विक्री ठेवली, आणि उरलेल्या गावानं लोर्नाच्या लग्नाला येतो म्हणून कळवलं. कॉलेजच्या बँडनंसुद्धा कळवलं, कारण ढोल वाजवणारा एमेटचा चुलतभाऊ होता.

सप्टेंबरअखेर कोच प्रुएट यांचा फोन आला. “ओर्विल, डनमोरच्या सामन्याचं एकच तिकीट गेलंय. तेही डनमोरच्याच कुणाच्या तरी आईनं घेतलंय.”

“पोरं काय म्हणतात?”

“पोरं म्हणतात, ओर्विलकाकांनीसुद्धा आपल्याला सोडलं.”

ओर्विल यांना जेवण गेलं नाही. “व्हर्ना,” ते हळूच म्हणाले, “तारीख जरा पुढे...”

व्हर्नाबाई ॲपल पायची पोळी लाटत होत्या. त्या लाटणं हातात तसंच धरून वळल्या. विषय तिथेच संपला.

घरच्यांपैकी लग्नाला येणार नव्हता तो एकच माणूस, व्हर्नाबाईंचा सख्खा भाऊ हॉबर्ट. स्टेडियमच्या तोफेची जबाबदारी त्याच्याकडे होती. बगळ्यांनी गुण केले की तोफ उडवायची, आणि सामना संपेपर्यंत तोफेपासून हलायचं नाही, असा तिथला रिवाज. गेल्या वर्षी त्या तोफेत चिमणीनं घरटं केलं होतं आणि पिल्लं मोठी होऊन सुखरूप उडून गेली होती. “भाचीचं लग्न टाकून ती गंजकी नळी राखणार!” असं म्हणून व्हर्नाबाईंनी भावाशी बोलणं सोडलं.

तो शनिवार उजाडला. चर्च गच्च भरलं. दोन गल्ल्या पलीकडे, रिकाम्या स्टेडियममध्ये सामना सुरू झाला. ओर्विल लोर्नाला हाताला धरून पुढे घेऊन आले, पण त्यांचा एक कान खिडकीबाहेर होता.

पाद्रीबाबांनी विचारलं, “एमेट, तू हिचा पत्नी म्हणून...”

धडाड्धुम्!

“गॅसची टाकी फुटली!” मागून कोणीतरी ओरडलं. तो आवाज गाव विसरूनच गेलं होतं.

“टाकी नाही!” ओर्विल यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. “अरे, तोफ आहे! आपली तोफ!”

अख्खं चर्च उठून उभं राहिलं. पाद्रीबाबांनी दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले, आणि एमेटला प्रश्न पुन्हा विचारावा लागला. अंगठी घालताना दुसरा बार झाला. अंगठी बाकाखाली घरंगळली आणि ती शोधेपर्यंत तिसरा. चौथ्याला ओर्विल यांनी विहीणबाईंना मिठी मारली. पाचवा बार नवरानवरी दारातून बाहेर पडताना झाला, आणि बँडनं लग्नाची धून सोडून बगळ्यांचं गाणं धरलं.

तळघरातल्या हॉलमध्ये जेवणं चालू असताना हॉबर्ट आला. तोंड काळंकुट्ट, भुवया अर्ध्या जळलेल्या. ओर्विल यांनी त्याला कॉफीच्या किटलीमागे ओढलं. “किती? किती झाले?”

“पस्तीस.”

“पस्तीस! देवा!”

“त्यांचे. आपला भोपळा.”

ओर्विल यांच्या हातातला कप थांबला. “मग तोफ?”

“लोर्नाचं लग्न ना,” हॉबर्ट म्हणाला. “मला हलता येईना. इतक्या वर्षांची तोफेची दारू साठून राहिलेली, सादळून गेली असती. म्हटलं, मामाकडून तेवढीच सलामी. ताईला सांग, रागावू नको म्हणावं.”

ओर्विल खरं काय ते हॉलभर सांगायला वळले, तोच जिन्यावर बूट वाजले. कोच प्रुएट हरलेल्या पोरांना निदान जेवू तरी घालावं म्हणून घेऊन आले होते. चिखलानं माखलेले बगळे माना खाली घालून आत शिरले, आणि सगळं गाव उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर मुठी. म्हाताऱ्या बायका पोरांच्या चिखलाच्या गालांचे मुके घेऊ लागल्या. पोरं बावचळून एकमेकांकडे बघत राहिली.

तो नवा फेकणारा पोरगा ओर्विल यांच्यापाशी आला. “काका, एवढे सपाटून हरलो, तरी आमच्यासाठी एवढं...”

ओर्विल यांनी त्याच्या हातात केकचा सगळ्यात मोठा तुकडा ठेवला. “खा बाळा. आणि मोठ्यानं बोलू नकोस.”

त्याच्या पुढच्या शनिवारी बगळे पुन्हा हरले. पण फक्त तीन गुणांनी.

ते पुढचं. त्या संध्याकाळी व्हर्नाबाई काळ्या तोंडाच्या भावाला दुसऱ्यांदा वाढत होत्या, आणि ओर्विल लेकीबरोबर नाचत होते. लोर्नानं विचारलं, “बाबा, खरं सांगा. माझ्यामुळे एवढा सामना चुकला, वाईट वाटलं?”

“चुकला?” ओर्विल म्हणाले. “अगं, याहून चांगला सामना मी जन्मात ऐकलेला नाही.”