आबांच्या भाषणातला ऑक्सिजन

पडद्यावर ‘धोका! ऑक्सिजन कमी!’ ही अक्षरं लाल रंगात इतकी झकास दिसायला लागली, की पूर्णिमा मॅडमनी त्यांना एक भोंगाही जोडून टाकला. ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली घसरला की अक्षरं लुकलुकणार आणि भोंगा वाजणार. मुलांना मजा येईल, एवढाच त्यामागं हेतू.

कसबा बावड्यातल्या त्या शाळेत आज विज्ञान मेळावा होता. नववीला विज्ञान शिकवणाऱ्या पूर्णिमा मॅडमनी वर्षभर सगळ्यांच्या मागं लागून हा बिनतारी ऑक्सिजन सेन्सर शाळेत आणवला होता. मुठीत मावेल असा काळा दांडा, टोकाला जाळी, बुडाशी हिरवा दिवा. बाटलीत खुपसला की आतल्या हवेत ऑक्सिजन किती, ते लांब ठेवलेल्या लॅपटॉपवर आपोआप दिसायचं. काल संध्याकाळी त्यांनी मोड आलेली मटकी एका बाटलीत भरून बूच घट्ट लावलं होतं. मटकी रात्रभर श्वास घेत बसणार, आतला ऑक्सिजन खाणार, आणि आज सेन्सर आत घालताच पडद्यावरची रेघ घसरगुंडीसारखी खाली येणार. मग टाळ्याच टाळ्या!

टाळ्या वाजणं गरजेचंही होतं. संस्थेचे अध्यक्ष उदयसिंह आबा जुने पैलवान. प्रयोगशाळेला कुलूप घालून तिथं व्यायामशाळा काढायचं त्यांनी मनात पक्कं केलं होतं. आजच्या भाषणात ते तशी घोषणा करणार, हे मुख्याध्यापक नृसिंह सरांनी सकाळीच मॅडमच्या कानावर घातलं होतं.

“मॅडम, आबा बोलायला उभे राहायच्या आत प्रयोग उरका. एकदा ते सुरू झाले की मग संध्याकाळच.”

“सर, तुम्ही बघाच. आबा स्वतः टाळ्या वाजवतील!”

पण आबा आले तेच बोलायच्या तयारीनं. पाऊल सभागृहात पडलं आणि आवाज त्याच्याही आधी. “ह्यो प्रयोग का फियोग मागनं बघू. आधी दोन शब्द बोलतो!”

पूर्णिमा मॅडम सभागृहाच्या पार मागं लॅपटॉपपाशी होत्या. पडदा नीट दिसावा म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दिवे मालवलेले. पालक खच्चून भरलेले. व्यासपीठावरच्या टेबलावर मटकीची बाटली होती, तिच्या शेजारी सेन्सर आणि पलीकडं माईक. अंधारात आबांनी हात लांब केला, काळा दांडा उचलला, हिरवा दिवा बघितला, दोनदा टिचकी मारली आणि ओठांना टेकवून म्हणाले, “हॅलो! हॅलो! ऐकू येतंय न्हवं?”

“येतंय!” सगळे ओरडले. आबांचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा. माईक हातात आहे की आणखी काही, असा संशय कुणाला येणार?

आबांनी शरीरसंपदेवर बोलायला सुरुवात केली. त्यांच्या पाठीमागं पडद्यावर आकडा होता वीस पूर्णांक नऊ. मुलं दूध पीत न्हाईत, म्हणाले, तेव्हा तो वीसवर आला. मुलं मोबाइल बघत लोळत्यात, म्हणाले, तेव्हा आणखी घसरला. पहिल्या रांगेत बसलेल्या नववीतल्या अवंतिकाकडं आकडे वाचायचं काम होतं. तिनं मागं वळून हातवारे करून मॅडमना विचारलं, हे काय चाललंय? मॅडमनी डोळे चोळले. सेन्सर तर टेबलावर पडलाय. मग ही रेघ का उतरतेय?

तेवढ्यात अक्षरं लाल झाली आणि भोंगा वाजला.

बोलण्याची वेळ संपल्याची ही खूण असावी, असं आबांना वाटलं. असल्या खुणांना भीक घालणारा माणूस तो नव्हेच. त्यांनी सेन्सर तोंडाच्या आणखी जवळ धरला आणि आवाज चढवला. आकडा धाडकन अठरावर आला.

“अगं बाई, ऑक्सिजन संपाय लागलाय!” मधल्या रांगेतून तानाबाई उठल्या. नातवाचा प्रयोग बघायला म्हणून त्या आल्या होत्या. “तरीच म्हनलं, मला मगाधरनं गुदमरल्यागत का व्हायलंय!”

तानाबाईंनी म्हटल्यावर शेजारणीलाही गुदमरल्यासारखं झालं, आणि मग ते रांगेरांगेनं पसरत गेलं. पूर्णिमा मॅडमनी पुन्हा आकडा बघितला. माणसं बसून खोलीतला ऑक्सिजन एवढा उतरत नाही, हे त्या वर्गात दरवर्षी शिकवायच्या. पण यंत्र सकाळीच तपासलं होतं, आणि समोर दोनशे मुलं होती. चुकलं तर हसं होईल. नाही चुकलं तर?

“खिडक्या उघडा!” त्या ओरडल्या. “सगळे मैदानात चला! पळू नका, ओळीनं चला!”

ओळ दारापर्यंत टिकली, पुढं तिचं काही राहिलं नाही. नृसिंह सरांनी एका हातानं मुलांना वाट दाखवत दुसऱ्या हातानं अग्निशामक दलाला फोन लावला. मॅडम लॅपटॉप छातीशी धरून बाहेर धावल्या. आणि सगळ्यांच्या मागून, हातातला दांडा तसाच ओठांशी धरून आबा आले. “घाबरू नका! मी हाय! मोकळ्या हवेत या, छाती भरून श्वास घ्या!”

लॅपटॉप पुन्हा केकाटला. सतरा.

“आत्ता गं!” तानाबाईंनी पदर नाकाला लावला. “भायेर बी संपला व्हय?”

मैदानात एकच गलका उडाला. कुणी ओला रुमाल तोंडावर धरला, कुणी झाडाखाली पळालं, कारण झाड ऑक्सिजन देतं हे पाठ होतं. त्या एकुलत्या एका कडुनिंबाखाली अर्धी शाळा मावली. समोरच्या दुकानदारानं शटर खाली ओढलं आणि स्वतः आतच राहिला. आबा ओरडून धीर देत होते. जितका धीर देत होते, तितका आकडा उतरत होता.

ओरडून ओरडून आबांचा घसा बसला. त्यांनी हात खाली घेतला आणि कुणीतरी पुढं केलेला पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. भोंगा थांबला. आकडा वर चढू लागला. एकोणीस, वीस. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आबांनी तोंड पुसून दांडा पुन्हा वर उचलला, “तर मी काय म्हनत हुतो...” आणि आकडा पुन्हा खाली.

अवंतिकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तो तिला पोटात ठेवता आला नाही. “मॅडम! आबा गप्प बसले की ऑक्सिजन वाढतोय!”

हे वाक्य नेमकं सगळे शांत असताना आलं. मैदानभर ऐकू गेलं.

पूर्णिमा मॅडमनी आबांच्या हाताकडं बघितलं. काळा दांडा, जाळी, हिरवा दिवा. सगळा उलगडा झाला. त्याच वेळी घंटा घणघणत अग्निशामक दलाची गाडी फाटकातून आत शिरली. जवान पाइप घेऊन खाली उतरले.

“सर, आग कुठं हाय?”

“आग नाही,” नृसिंह सर घाम पुसत म्हणाले, “भाषण होतं.”

आता खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मॅडम आबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “आबा, तुमच्या हातात आहे तो माईक नाही. सेन्सर आहे. आपण आत घेतो त्या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो, बाहेर सोडतो त्यात सोळा-सतरा. तो तुमचा श्वास मोजत होता.”

आबांनी दांडा उलटासुलटा करून बघितला. मिशी थरथरली. आता नोकरी गेली, असं मॅडमना वाटलं.

“म्हंजी आत जातो तेवढा भायेर येत न्हाय?” आबांनी विचारलं.

“नाही येत.”

“मग मधला कुटं जातो?”

वर्गात हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मॅडमनी किती वर्षं वाट बघितली होती! त्यांची भीती कुठल्या कुठं पळाली. रक्त तो सगळीकडं कसा पोचवतं, अन्नातली ताकद त्यानं कशी मोकळी होते, दंड मारताना धाप का लागते, सगळं त्या एका दमात सांगत सुटल्या. पाइप धरून उभे असलेले जवानही ऐकत राहिले.

“असं व्हय!” आबांची छाती फुगली. “मग जास्त खातो तो खरा गडी, का?” त्यांनी श्वास भरला, डोळे बटाट्याएवढे होईपर्यंत रोखून धरला आणि सेन्सरवर सोडला. पंधरा! टाळ्या पडल्या. जवानांचा म्होरक्या पुढं झाला. त्याला सोळाच्या खाली जाता येईना. आबांनी मांडीवर थाप मारली. “हाय का कोन आनखी?”

“आहे आबा,” मॅडम म्हणाल्या. “अवंतिका, मटकीची बाटली आण.”

बूच काढून त्यांनी झटक्यात सेन्सर बाटलीच्या तोंडात बसवला. मैदान श्वास रोखून आकडा बघू लागलं. अठरा. पंधरा. बारा. नऊवर येऊन रेघ टेकली, तेव्हा जो आरडाओरडा झाला, तो ऐकून दुकानदारानं शटर वर केलं.

“मूठभर मटकीनं मला चीत केलं व्हय!” आबा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बघत राहिले. “रातभर बंद बाटलीत ही काय करत हुती?”

“श्वास घेत होती, आबा. जिवंत आहे ती.”

आबांनी बाटलीला कान लावला.  मग नृसिंह सरांकडं वळून म्हणाले, “सर, त्या खोलीला कुलूपबिलूप काय घालायचं न्हाय. व्यायामशाळंचं बघू दुसरीकडं. अशी आनखी चार यंत्रं आना. पोरांनी बघाया पायजे की ह्ये.”

 “आबा, थँक्यू,” पूर्णिमा मॅडम म्हणाल्या. पण आबांचं लक्षच नव्हतं. कपाळाला आठ्या घालून ते बाटली न्याहाळत होते.

“आवो मॅडम, हुब्या काय ऱ्हायलाय?” ते एकदम कळवळले. “नऊवर आलीया ती! काढा की ते तोंडातनं! पोरी, परात आन, मोकळी पसर तिला.”

परात आली. आबांनी स्वतःच्या हातानं मटकी ओतली, जाड बोटांनी हलकेच पसरली आणि वाकून तिला म्हणाले, “घे बाई, घे आता दम.”