हसूकाकांचे शोकप्रस्ताव

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एका ऑक्टोबरात, पनवेल आणि उरणच्या मधल्या एका खाडीकाठच्या गावाने भर ग्रामसभेत उभं राहून एका विहिरीला श्रद्धांजली वाहिली. रस्ता रुंद करण्यासाठी ती विहीर नुकतीच बुजवली होती. शोकप्रस्ताव हसूराम यांनी मांडला. गाव त्यांना हसूकाका म्हणे.

पनवेलच्या एका साप्ताहिकासाठी मी त्या भागातल्या ग्रामसभांच्या बातम्या देत असे. बातम्या बहुधा गटारं, दिवाबत्ती आणि नळपाणी एवढ्याच. सभेचा पहिला विषय शोकप्रस्तावाचा. इतर गावांत कुणी माणूस गेला असेल तरच तो निघे. इथे दर सभेला निघे, कारण हसूकाकांच्या मते गावातलं काही ना काही गेलेलंच असे. देवळामागची चिंच. खाडीवर पूल झाल्यावर बंद पडलेली होडी. नामदेवाचा बैल.

बैलाच्या वेळी नामदेव म्हणाला, "काका, मी त्याला इकलाय. मेला नाय तो."

"गावाला त मेला ना? उठा."

सभा उठली.

काका साठीचे, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. सभेसाठी राखून ठेवलेली पांढरी टोपी घालून ते पुढच्या रांगेत बसत. प्रस्ताव मांडला की मागे वळून सगळीकडे नजर फिरवत. कुणी बसून राहिलेला दिसला तर त्याला म्हणत, "बसून दुख व्हत नाय रं बाला." मग तोही उठे.

पंचायतीचा रेडिओ बंद पडला तेव्हा सरपंच कमळाकर वैतागला. तो तरुण, पनवेलच्या कॉलेजात शिकलेला, सभा वेळेवर संपवण्याची हौस असलेला.

"काका, रेडिओ रिपेअर होतो."

"झाला त ठराव मागं घेऊ."

रेडिओ खरोखरच दुरुस्त झाला. पुढच्या सभेत काकांनी स्वतः उठून ठराव मागे घेतला आणि गावाने टाळ्या वाजवल्या.

मौन संपल्याची खूण म्हणजे काकांचं खाकरणं. घड्याळ सरपंचाच्या मनगटावर होतं, पण ते कुणी विचारात घेत नसे. बैलासाठी काका लवकर खाकरले. विहिरीसाठी खाकरेनात. शाळेच्या पडवीत सगळे माना खाली घालून उभे होते. भरती चढत होती. तिवरांच्या मुळांत पाणी शिरताना बारीक चुळचुळ ऐकू येत होती. मिठागरावरून बगळे परतत होते आणि त्यांच्या पंखांखालचा उजेड हळूहळू पिवळा होत होता. मी ती विहीर कधी पाहिली नव्हती. तरी डोळे मिटल्यावर गोल, हिरवं, अगदी थंड पाणी दिसू लागलं. शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीची बोटं दोर ओढल्यासारखी हलत होती. शेवटी काका खाकरले. लगेच कुणीच बसलं नाही.

एका माणसासाठी मात्र काकांनी कधी शोकप्रस्ताव मांडला नव्हता. धाकटा भाऊ बाळाराम. तो उरणजवळच्या मोरा बंदरातून मासेमारीला गेला, होडी सापडली, तो सापडला नाही. त्यावर काही पावसाळे गेले होते. काकांचं लग्न झालेलं नव्हतं. घरात ते आणि भावजय जनाबाई, दोघंच. ती पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन बसे. कपाळावर कुंकू, हातांत हिरव्या बांगड्या. मतदारयादीचे लोक आले की काका बाळारामाचं नाव सांगत. तो कुठे आहे विचारलं, तर म्हणत, "दर्यावर गेलाय. लिवा तुमी." एखादी बांगडी पिचली की ते स्वतः जाऊन कासारणीला बोलावून आणत, आणि ती जनाबाईच्या हातात बांगड्या भरत असताना तिकडे पाठ करून अंगणात उभे राहत.

जनाबाईच्या कुंकवावरून गावात कुजबुज होती. पण बाळारामासाठी गाव एकदा उभं राहिलं, की दुसऱ्या दिवशी बायका जनाबाईच्या दारात जातील, कुंकू पुसतील आणि बांगड्या फोडतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जानेवारीच्या सभेत काकांनी तोंड उघडण्याआधी कमळाकर उठला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

"काका, तुम्ही चिंचेला मान दिला, बैलाला दिला. बाळारामदादाला आपण काहीच दिलं नाही. माझ्या लहानपणी त्यानेच मला पोहायला शिकवलंय. आज शोकप्रस्ताव मी मांडतो."

काही माणसं सवयीने उठली. काका बसून राहिले. ते पाहून उठलेलेही एकेक करून खाली बसले.

"काका, उठा ना."

"मी बसतंय."

"तो आला तर ठराव मागे घेऊ. रेडिओचा घेतला तसा."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "फुटलेल्या बांगड्या मागं घेशील काय रं, कमळाकर?"

मागे बायकांमध्ये जनाबाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दोन्ही हात पदराखाली होते.

ग्रामसेवकाने पेन उघडलं. नियमाने ठरावाला अनुमोदन लागतं. "सूचक, सरपंच," तो म्हणाला. "अनुमोदक कोण?"

नामदेव छपराची कौलं बघू लागला. उपसरपंच वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागले. विहिरीच्या दिवशी माझ्या शेजारी उभी होती ती म्हातारी मागून ओरडली, "नलाला पानी कंदी येल, ता बोला आदी!"

"अनुमोदक?" ग्रामसेवकाने पुन्हा विचारलं.

कमळाकरने सगळ्या सभेवरून नजर फिरवली. मग तो खाली बसला.

अनुमोदक न मिळाल्याने ठराव बारगळला. सभेने पुढचा विषय घेतला, शाळेजवळचं गटार.