अंगाला बसेल ते काम

किसनमामांकडे शर्ट शिवायला टाकला, की शर्ट मिळायला उशीर होतो. पण नोकरी जागच्या जागी मिळते. म्हणजे मामांच्या मनातली. छातीभोवती टेप गुंडाळला की त्यांना माणसाचा स्वभाव कळतो, आणि स्वभाव कळला की धंदा. मग तुम्ही काहीही सांगा, खिसे त्या धंद्याला शोभतील असेच होतात.

आखाडा बाळापूरच्या बाजारात, माझ्या घराच्या खालच्या गाळ्यात त्यांचं दुकान आहे. मी शाळामास्तर. नोकरीला लागलो तेव्हा पहिला शर्ट त्यांच्याकडेच टाकला. घालून बघतो तर आतल्या बाजूला भला मोठा चोरखिसा. विचारलं तर म्हणाले, "गुरुजी, तुमी बोलताना समोरच्याच्या खिशाकडं बघता. तुमच्यात मास्तर न्हाई, हळदीचा अडत्या हाय." तेव्हापासून माझ्या प्रत्येक शर्टाला चोरखिसा आहे. मी त्यात खडू ठेवतो.

त्यांचं शास्त्र तसं सोपं आहे. टेप लागताच जो छाती फुगवतो तो फौजदार, नाहीतर पुढारी. जो श्वास सोडून मोकळा होतो तो कचेरीतला. आणि जो माप देता देता बोलतच राहतो तो कंडक्टर. कुरुंद्याच्या एका नवरदेवानं लग्नाचा सफारी शिवायला टाकला होता. बिचारा बोलका निघाला. मामांनी सफारीला दोन्हीकडं झाकणाचे मोठे खिसे लावले, आणि भर मांडवात नवरीकडची मंडळी विचारू लागली, जावई कोणत्या डेपोला आहेत?

चूक दाखवली तर मामा मुळीच खजील होत नाहीत. ज्याला त्यांनी फौजदार ठरवलं होतं, त्याची आज स्टँडवर भज्यांची गाडी आहे. मी तसं म्हणताच मामांनी मलाच त्या गाडीपुढची रांग किती शिस्तीत उभी असते ते बघून यायला सांगितलं. वर ठरलेलं वाक्य ऐकवलं, "काम अंगाला बसाया पायजे गुरुजी. काचू बी न्हाई अन् ढगळं बी ऱ्हाऊ न्हाई."

मामी लवकर गेल्या. एकुलती एक लेक वर्षा दुकानातल्या चिंध्यांत खेळत मोठी झाली. काज-बटण करायची, टेपचं दुसरं टोक धरायची. सगळ्या गावाचा धंदा ठरवणाऱ्या मामांनी तिचं माप मात्र कधी घेतलं नाही. ती दुकानाची आहे, तिचं माप कशाला घ्यायचं, असं म्हणत आणि तिचे कपडे नजरेच्या अंदाजानं शिवत. आपल्या मागं मशीनवर वर्षा बसणार, हे त्यांनी इतकं धरून ठेवलं होतं की दुसरं काही त्यांना सुचतच नव्हतं.

गेल्या वर्षी वर्षाचा नांदेडला नर्सिंगला नंबर लागला. मामांनी बोलणंच टाकलं. त्या दिवसांत कोणालाही धंदा लावून दिला नाही. लोक सांगतील तसेच खिसे मिळू लागले, आणि बाजाराला काळजी वाटायला लागली.

अशाच एका दुपारी मी पँट आणायला खाली गेलो होतो. वर्षानं युनिफॉर्मचं पांढरं कापड कटिंगच्या टेबलावर ठेवलं. तिला स्वतःला शिवता आलं असतं. पण तिनं मामांच्या गळ्यातला टेप काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आबा, माप घ्या."

मामांनी टेप लावला. मी बघत राहिलो. तिनं श्वास ओढला नाही, सोडलाही नाही. तिनं मामांचं मनगट धरलं.

"आबा, हात काहून थरथरून राहिला? सकाळची गोळी घेतली का न्हाई?"

गोळी घेतलीच नव्हती. वर्षानं पाणी आणलं, गोळी हातावर ठेवली, ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली आणि मग मापासाठी पुन्हा हात वर केले.

"गुरुजी," मामा हळूच म्हणाले, "नर्स हाय ही."

कौतुकही होतं त्यात, आणि हरल्यासारखंही. 

युनिफॉर्म बिनचूक झाला. खिसे कॉलेजच्या नियमाप्रमाणं. फक्त शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, ती माया मामांनी चांगली दुप्पट ठेवली होती. वर्षा हसली, मी काय आता वाढणार हाय का म्हणाली. सैल करायचा झाला की इथंच घेऊन ये, तिकडच्या टेलरला हात लावू देऊ नको, असं मामांनी तिला बजावलं.

ती नांदेडला गेली. आता टेपचं दुसरं टोक गिऱ्हाईकालाच धरावं लागतं. मामा अजून लोकांचे धंदे ठरवतात, पण त्यात पहिल्यासारखा जोर नाही. गरज नसताना मी दोन शर्ट शिवून घेतले.

दिवाळीला वर्षा आली ती मेसचं खाऊन वाळलेली. युनिफॉर्म सैल करायचा राहिला बाजूला, उलट आत घ्यावा लागला. मामा लगेच मशीनवर बसले. नवी शिवण घातल्यावर आतलं कापड फारच वाढलेलं दिसलं, म्हणून मी कात्री पुढं केली.

मामांनी ती बाजूला सारली. "कापायची कशाला गुरुजी? लेकरू बारीक झालं की माया वाढतीच. राहू द्या आत. टोचत न्हाई ती."