जंतूंचा कूलर

ऐन मे महिन्यात, नागपुरात, घरातला एकुलता एक कूलर गच्चीवर नेऊन जंतूंना वारा घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी गुलाबराव बोरकुटे.

मुलांनो, तुम्ही तिकडे परदेशात अंगणातला बर्फ उपसता, म्हणून सांगते. खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या ताट्या लावलेला तो पत्र्याचा खोका म्हणजे आमच्या उन्हाळ्यातला प्राणवायू होता. मी कठड्यावरून ओरडले, "भाऊजी, वेड लागलं का? खाली यमुनावहिनी उकडून निघताहेत!"

"उकडू द्या तिले, वहिनी! जंतू उन्हानं मेले तं माहा सत्यानाश होईन. ते रंगानं मेले पाहिजेत!"

गुलाबराव कॉलेजात जीवाणूशास्त्र शिकवत. त्यांचं सगळं प्रेम मेथिलिन ब्लू या एका निळ्या रंगावर होतं. जंतूंवर हा रंग घालायचा आणि प्रकाश पाडायचा, की प्रकाशानं रंग जागा होतो आणि जंतूंना मारतो. अंधारात त्याचा फारसा उपयोग नाही. "उजेड नसन तं नुसती होळी झाली," असं ते भाजीवाल्यालाही ऐकवत. बोटं कायम निळी. दसऱ्याला सोनं द्यायला आले, तर आपट्याच्या पानांवरही निळे ठसे.

या वेडाला त्या वर्षी कारण मिळालं होतं. त्यांच्या पत्नी, यमुनावहिनी, यांना साखरेचा आजार. पायाच्या अंगठ्यावरची जखम भरतच नव्हती. पावसाळ्यापर्यंत सुकली नाही, तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. वहिनी मात्र हसून म्हणत, "माहा एक अंगठा वाचवता वाचवता यांची दहाही बोटं निळी झाली वं बाई!"

वहिनींच्या पायाला रंग लावण्याआधी गुलाबरावांना खात्री हवी होती. त्यांनी जंतूंच्या दोन काचेच्या बशा रंग घालून गच्चीवर ठेवल्या. एक उघड्या उजेडात, दुसरी काळ्या कागदात गुंडाळून. पहिल्याच दिवशी दोन्हींतले जंतू मेले. गल्लीनं अभिनंदन केलं, आणि गुलाबराव सुतकात बसल्यासारखे. "गुंडाळलेलेही मेले, वहिनी! ऊनच शिजवून राहिलं त्याईले. रंगानं काय केलं, कसं समजन?"

म्हणून तो कूलर. थंड वाऱ्यात उजेडातले जंतू मेले आणि कागदातले जगले. जंतू जगले या आनंदात त्यांनी गल्लीभर संत्रा बर्फी वाटली.

म्हणजे काम उजेडाचं होतं, उन्हाच्या तापाचं नव्हे. मग घरातच दिवा लावायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, "माझ्या गोळ्या बंद करू नका, मग हवी तेवढी रंगपंचमी खेळा."

एका संध्याकाळी मी वहिनींना पन्हं द्यायला गेले. खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी. वहिनी एकीवर डुलकी घेत होत्या, दुसरीवर गुलाबराव जागे बसलेले. मध्ये टेबलावरचा दिवा खाली वाकवलेला, आणि त्याच्या उजेडात दोन पाय, एक वहिनींचा आणि एक गुलाबरावांचा. दोन्ही निळे.

मला हसू आलं. "भाऊजी, तुम्हाला कुठे जखम झाली?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "साखरेनं हिच्या पायाले काहीच समजत नाही, वहिनी. भाजलं तरी हिले मालूम पडत नाही. मनून माहा पाय सोबत ठेवतो. मले चटका बसला, का दिवा मांगं सरकवतो."

"मग रंग कशाला फासलात?"

"तिच्या पायावर हाय तेवढाच माह्या पायावर पाहिजे. नाही तं बरोबर कसं समजन?"

बोलता बोलता त्यांनी तोंड जरासं वाकडं केलं आणि दिवा बोटभर मागे घेतला.

पावसाळा लागला. जखम सुकली, अंगठा राहिला. डॉक्टर म्हणाले, आमच्या गोळ्यांनी. गुलाबराव म्हणाले, रंगानं. मी वहिनींना विचारलं. त्या खाली बसून नवऱ्याच्या पायावरच्या चटक्यांच्या डागांना खोबरेल तेल लावत राहिल्या.