इचलकरंजीत निघणारा बार

एका सोमवारी सकाळी आमच्या जुन्या मोटारसायकलचा बार सायलेन्सरमधून न निघता इचलकरंजीत कुणाच्या तरी स्वयंपाकघरात निघाला, आणि मी दचकले नाही. यातलं मला त्या वेळी फक्त दुसरं कळलं.

दचकणं माझ्या अंगातच आहे. कुकरची शिट्टी, कुरिअरवाला, मागून आलेली मांजर, सगळ्यांना मी सारखाच मान देते. ही मोटारसायकल माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्यांच्या लग्नाआधी घेतलेली. दादा नोकरीला बंगळुरूला गेला आणि ती माझ्याकडे आली. तिच्यावरून मी रोज जयसिंगपूरबाहेरच्या एका डेअरीच्या लॅबमध्ये कामाला जाते. किक मारली की आधी फाट्कन बार, मग मी दचकणार, मग गाडी सुरू, असा आमचा क्रम ठरलेला होता. त्या दिवशी गाडी नुसतीच सुरू झाली. मी खांदे आक्रसून बाराची वाट बघत उभी, आणि बार काही येईना. दुपारी लॅबमध्ये दुधाचं फॅट काढतानाही माझे खांदे कानाशीच होते.

चारपाच दिवस असेच गेल्यावर मी गाडी बशीरचाचांच्या गॅरेजला नेली. बार बंद झाला ही चांगलीच गोष्ट नाही का, असं मी त्यांना विचारून पाहिलं.

“बार जिरत नसतोय ताई,” ते म्हणाले. “इथं न्हाई निघाला म्हंजे कुठंतरी निघतोय.”

त्यांनी गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला की सकाळचा एक बार चुकला आहे, कुणाच्या भागात जास्तीचा येत असल्यास कळवावे. हुपरीहून कुणीतरी कळवलं की त्यांच्याकडे दोन येतात, पण ते दोन्ही त्यांचेच आहेत. संध्याकाळपर्यंत इचलकरंजीतून नेमका पत्ता आणि नंबर आला. हावळ यांचं घर, डब्यांच्या फळीमागे, रोज सकाळी.

मी घाबरतच फोन लावला. त्या घरची सून, सुनंदाताई, बोलत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी शांतपणे विचारलं, पेट्रोलचा वास मागाहून येतो तोच ना तुमचा? मी हो म्हटलं. मग त्यांनी माझी चौकशी केली, काय शिकलीस, कुठं असतेस, आणि रविवारी दुरुस्तीच्या वेळी फोनवर थांबायचं कबूल केलं.

तो रविवार सगळा फोनवरच गेला. बशीरचाचांनी प्लग साफ केला, मी किक मारली आणि विचारलं, कुठं निघाला? न्हाणीघरात. चाचा म्हणाले, म्हणजे प्लग नव्हताच, कार्ब्युरेटरच आहे, मी आधीच म्हणणार होतो. कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळला, तर बार माजघरात कॉटखाली गेला. मग चाचांनी पॉइंट घासले, आणि तो देवघरात निघाला. तिथं नको म्हणावं, समई विझते, असं पलीकडून आलं. मी ते चाचांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पॉइंट परत होते तसे केले. शेवटी इंजिन आणि सायलेन्सर जोडतात तिथं त्यांना काजळी दिसली. पॅकिंग गेलं होतं आणि बार तिथूनच गळत होता. नवं पॅकिंग घातलं की बार घरी परत येणार होता.

हे सुनंदाताईंनी फोनवर ऐकलं. मग म्हणाल्या, “ते घालायचं राहू दे की गं.”

त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, सगळा जन्म यंत्रमागावर काढला होता. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. पण त्या खडखडाटातही माग बिघडल्याचा आवाज तेवढा टिपायचा असतो, त्यामुळे त्यांच्या कानांनी शेवटी तेवढंच शिल्लक ठेवलं. त्यांना सून ऐकू येत नाही, कुकर ऐकू येत नाही. बिघडलेली यंत्रं तेवढी ऐकू येतात. आमचा बार पहिल्यांदा निघाला तेव्हा मामा ताडकन उठून बसले आणि कोणता माग बंद पडला म्हणून विचारू लागले. सुनंदाताईंनी त्यांना हातवाऱ्यांनी समजावलं की माग नव्हे, जयसिंगपूरची एक मुलगी आहे. तेव्हापासून ते रोज माझी वाट बघत होते.

मग आमचं ठरलं. सुनंदाताई गारमेंट युनिटला जाताना बारीक आचेवर भात ठेवणार, मी निघताना किक मारणार, आणि बार ऐकून मामा गॅस बंद करणार. त्यांना गरम भात मिळू लागला. मी सुट्टीच्या दिवशीही उठून किक मारायची आणि पुन्हा झोपायची. दचकणं नाही, काही नाही.

आणि परवा सकाळी मी किक मारली, तर बार आमच्याच अंगणात निघाला. माझा डबा हातातून उडाला.

अण्णा हसत बाहेर आले. आदल्या संध्याकाळी त्यांनी बशीरचाचांच्या पोराकडून नवं पॅकिंग बसवून घेतलं होतं. “आपला बार लोकांच्या घरात किती दिवस ठेवायचा?” ते म्हणाले. “बरं दिसत नाही.” भाताचं त्यांना माहीत नव्हतं.

मी सुनंदाताईंना फोन लावला. तो बंद, कारण युनिटमध्ये मोबाइल गेटवरच काढून घेतात. युनिटच्या ऑफिसात कुणी उचलेना. मामांचा मोबाइल गॅसशेजारी डब्यांच्या फळीवर चार्जिंगला असतो, गॅसपाशी आले तरच त्यांना तो उजळलेला दिसणार. तो वाजत राहिला. वाजणारच. त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं.

मी गाडी पळवत गॅरेज गाठलं. भात, गॅस, मामा, असं काहीतरी बोलले असेन. चाचांनी लगेच गरम सायलेन्सरला हात घातला, बोटं झटकली, पुन्हा घातला. पॅकिंग निघालं. मी मामांचा फोन परत लावला, मोबाइल कानाशी खांद्यात धरला आणि किक मारली.

इथं काहीच वाजलं नाही. मी चाचांकडे बघितलं.

“निघाला,” ते म्हणाले. “अजून एक मार.”

मी मारली. मग आणखी एक. रिंग वाजत होती, वाजत होती, आणि थांबली. पलीकडून, सगळा जन्म मागांच्या वरताण बोललेल्या माणसाचा मोठा आवाज आला.

“केला, केला बंद. किती हाका मारशील? आज तूच उशीर केलास पोरी, भात लागला बघ खाली.”