दहा पानांतलं एक पान

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. जंगलात विद्यापीठ कशाला, असं विचारू नका, मुलांनो. विद्यापीठात जंगल माजतं तेव्हा आपण विचारतो का?

तर या विद्यापीठाचं ग्रंथालय एका जुन्या उंबराच्या ढोलीत होतं, आणि ते साळूबाई सांभाळायच्या. साळूबाई म्हणजे साळिंदर. पुस्तक एक आणि वाचणारे पुष्कळ असं झालं, की त्या स्वतःच्या पाठीवरचा एक काटा उपटायच्या, जांभळाच्या रसात बुडवायच्या आणि हवा तो मजकूर पळसाच्या पानांवर उतरवून द्यायच्या. काटा उपटताना दुखायचं. पण विद्यार्थी रिकाम्या हाताने परत गेला, की त्याहून जास्त दुखायचं.

अळंबीशास्त्र शिकवायचे घोरपडे सर. तीस वर्षं एकेक अळंबी चाखून, दर वेळी थोडं थोडं मरून, सरांनी एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. पगार विद्यापीठाचा, अळंब्या जंगलाच्या, पोटदुखी सरांची. पुस्तक मात्र तरसाचं. कारण छापल्याशिवाय बढती नाही आणि तरसाशिवाय छापणारं कुणी नाही. सरांनी सगळे हक्क त्याला लिहून दिले होते. आता ते विकत घ्यायचं तर हरणांच्या अख्ख्या कळपाला वर्षभर उपास काढावे लागले असते.

ग्रंथालयात एक प्रत होती. वर्गात चाळीस चितळं होती. आणि परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

परीक्षा प्रात्यक्षिक असायची. समोर दहा अळंब्या ठेवायच्या. विद्यार्थ्याने त्यांतली खाण्याजोगी ओळखायची आणि खाऊन दाखवायची. बरोबर आलं तर पास. चुकलं तर फेरपरीक्षेचा प्रश्नच यायचा नाही.

नेमकी त्याच आठवड्यात तरसाची नोटीस आली. आमच्या पुस्तकाची नक्कल काढाल तर फाडून खाऊ, असं तिच्यात अतिशय कायदेशीर भाषेत लिहिलं होतं.

नोटीस दिसताच कुलसचिवांनी अंगाचा चेंडू केला. ते खवले मांजर होते. अडचण आली की ते चेंडू व्हायचे आणि सगळा कारभार आतून करायचे.

साळूबाई त्या चेंडूसमोर जाऊन बसल्या. धबधब्याजवळच्या शिळेवर जंगलाचा कायदा कोरलेला आहे, शिकण्या-शिकवण्यासाठी काढलेली नक्कल हा गुन्हा नाही असं त्यात स्पष्ट म्हटलंय, शिळा इथून शंभर पावलांवर आहे, चला दाखवते, असं त्यांनी परोपरीने सांगून पाहिलं.

"बाई," चेंडूतून आवाज आला, "शिळा काही चालत येत नाही. तरस येतो."

"पण साहेब, कायदा आपल्या बाजूने आहे."

"असेल ना. पण तो आपल्या बाजूने आहे हे भांडून दाखवावं लागेल. त्यापेक्षा समिती नेमू."

समिती बसली. आधी कंदमुळांचा अल्पोपहार झाला. मग समितीने मध्यम मार्ग काढला: दहा पानांतलं एक पान उतरवायला हरकत नाही. हा आकडा शिळेवर नव्हता. नोटिशीतही नव्हता. पण कुणाच्या तरी मेहुण्याच्या जंगलात असंच करतात म्हणे. आणि दहांतलं पान कुठलं? तर पहिलं. म्हणजे निवडल्याचा ठपका कुणावर नको.

आता सरांच्या पुस्तकात प्रत्येक अळंबीला दहा पानं होती. पहिल्या पानावर लिहिलेलं असायचं: 'भुरी छत्री. रूप देखणं, वास कढवलेल्या तुपासारखा, चव गोड.' इथे पान संपायचं. दुसरं पान सुरू व्हायचं ते असं: 'खाणारा संध्याकाळ पाहत नाही.'

घोरपडे सर म्हणाले, मी तोंडी सांगतो. कुलसचिवांनी कळवलं, की पाठ असलेलं पुस्तक ही डोक्यात काढलेली नक्कलच होय. सरांनी तरसाकडे परवानगी मागितली. लेखकांचे अर्ज सहा महिन्यांनी पाहिले जातात, असं उत्तर आलं. तेव्हापासून सर वर्गात नुसतेच उभे राहायचे आणि चेहऱ्याने काही सुचवता येतं का ते पाहायचे.

साळूबाईंनी पाच दिवस नियम पाळला. आपली नोकरी गेली तर या पुस्तकांना वाळवी लागेल, असं त्या स्वतःला बजावत होत्या. सहाव्या दिवशी ठिपकी नावाचं चितळ पुस्तकं परत करायला आलं. स्वारी खुशीत होती.

"बाई, माझी तयारी झाली. मी तर भुरी छत्रीच खाणार. तुपासारखा वास येतो तिला."

"आणि खाल्ल्यावर काय होतं, ठिपके?"

"ते अभ्यासक्रमात नाहीये ना. असतं तर तुम्ही पान दिलंच असतं की."

ठिपकी गेल्यावर साळूबाईंनी ढोलीचं दार लावलं, बाहेर साफसफाईची पाटी टांगली आणि पाठीवरचा पहिला काटा उपटला.

दोन दिवसांनी दार उघडलं तेव्हा त्यांची पाठ सोललेल्या रताळ्यासारखी दिसत होती. परीक्षेच्या सकाळी प्रत्येक चितळाच्या तोंडात पळसाच्या पानांची एकेक जुडी होती.

चाळीस विद्यार्थी परीक्षेला बसले. चाळीस चालत बाहेर आले. चाळीसही ताटांत भुरी छत्री जशीच्या तशी उरली होती.

तरस आला नाही. त्याला यायची गरजच पडली नव्हती.

समितीने साळूबाईंना बोलावून घेतलं आणि त्यांच्या पाठीकडे पाहत खुलासा मागितला.

"मीच उतरवली पानं," त्या म्हणाल्या. "विषाची सगळी. शिळेवर लिहिलंय त्याला धरून."

समितीने त्याच बैठकीत दोन ठराव केले. पहिला: ज्याअर्थी चाळीसच्या चाळीस विद्यार्थी जिवंत आहेत, त्याअर्थी दहांतलं एक पान पुरेसं असल्याचं सिद्ध झालं आहे, पुढच्या वर्षीपासून विसांतलं एक द्यावं. दुसरा: ज्याअर्थी साळूबाईंनी उरलेली पानंही दिली, त्याअर्थी त्यांना कामावरून काढावं.

दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले.

साळूबाई गेल्या. या वर्षी अळंबीशास्त्राला बासष्ट चितळांनी नाव घातलंय.

तात्पर्य: मुलांनो, नियम नेहमी पाळावेत. ते पाळूनही आपण जिवंत राहतो, कारण कुणीतरी ते आपल्यासाठी मोडलेले असतात. त्या कुणाला तरी वेळीच काढून टाकावं, म्हणजे नियमाच्या यशात वाटेकरी उरत नाही.