प्रबंधाचा काला

फ्रिजचं दार उघडलं आणि रमाकांतचा हात तिथेच थिजला. वरचा कप्पा रिकामा. मधला रिकामा. खालच्या कप्प्यात अर्धं लिंबू आणि कुसुमची मोगऱ्याची वेणी.

"कुसुम! माझा प्रबंध कुठं गेला?"

"टेबलावर असेल. फ्रिजात कशाला जाईल?" आतून कुसुमचा आवाज आला. ती देवळात जायला म्हणून साडी बदलत होती.

"अगं, वाट्या! दह्याच्या! चिठ्ठ्या लावलेल्या!"

"अगंबाई, त्या होय? त्या मंजुळाबाई घेऊन गेल्या की. काल्याला."

रमाकांत स्टुलावर बसला. स्टूल जरा लांब होतं, म्हणून तो खरं तर जमिनीवरच बसला.

रमाकांत मूळचा राजापूरकडचा, सिल्वासातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. मुंबईला पीएच.डी.साठी नाव घातलं होतं आणि विषय होता घरोघरच्या दह्यातले जिवाणू. शिक्षकांच्या खोलीत यावर फार हसत. "लोक चंद्रावर जाऊन आले, आमचे मास्तर अजून विरजणात," असं म्हणत. पण रमाकांतचा सिद्धांत पक्का होता. प्रत्येक घराचं कुलदैवत जसं वेगळं, तसं प्रत्येक घराचं दहीही वेगळं. शेजारच्या मंजुळाबाईंचा नवरा मसाटच्या कारखान्यात होता आणि त्यांचं विरजण धुळ्याहून एसटीनं आलेलं. समोरच्या चंदाबेनचं सुरतेच्या माहेरचं. दूधवाली चिमाबाई जवळच्या खेरडी गावची, तिचं मडक्यातलं. सूक्ष्मदर्शकाखाली एकात लांबुडक्या काड्या, दुसऱ्यात गोल गोल मणी, तिसऱ्यात मण्यांची माळ. रमाकांत त्या वाट्यांना दर दोन-चार दिवसांनी ताजं दूध पाजायचा. शाळेत फ्रिज नव्हता, म्हणून घरचा फ्रिज हीच प्रयोगशाळा.

आणि मंगळवारी मार्गदर्शक घैसासमॅडम मुंबईहून स्वतः येणार होत्या. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "दोनदा मुदत वाढवून दिली. आता नमुने माझ्या डोळ्यांनी बघणार. वेगळेपणा दिसला तर पुढे चला, नाही तर तुमचं नाव मी काढून टाकते."

आज रविवार होता.

"मला न विचारता दिल्यास?" रमाकांत ओरडला.

"मी कुठं दिल्या? मी पहाटेपासून देवळापुढं रांगोळी घालत होते. घरात तुम्हीच होतात!"

रमाकांतला अंधुक काहीतरी आठवलं. सकाळी तो प्रकरण लिहीत बसला होता. दारात कोणीतरी म्हणालं होतं, "मास्तर, काल्याले दही?" आणि मान वर न करता कोणीतरी म्हणालं होतं, "फ्रिजमध्ये. घ्या." "समदं?" "समदं." तो दुसरा आवाज कोणाचा, हे आता त्याच्या लक्षात आलं.

तो होता तसा, बनियन आणि लेंग्यावर धावत सुटला.

मारुतीच्या देवळात सप्ताहाची सांगता होती. काल्याचं कीर्तन ऐन रंगात आलेलं. सप्ताहाचे बुवा म्हणजे आळीतलेच आबा. नोकरी ट्रेझरीत झाली, पण गळा देवानं दिलेला. पेटी भरभरून वाजत होती, टाळांना ठेका सापडला होता, आणि आबा यमुनेच्या काठावर पोचले होते. सगळे गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडताहेत. कोणाची भाकर, कोणाचं लोणचं, पेंद्याची ती आंबूस ताकभाकर. ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी आणि डोळ्यांतही पाणी, असं आबांचं आख्यान. वर दोरीला हंडी टांगलेली. तिच्यात साऱ्या आळीचं दही, पोहे, लाह्या, काकडी.

त्यातच रमाकांत आत घुसला.

"थांबवा! हंडी खाली घ्या! माझं आहे त्यात! माझं!"

पेटी थांबली. टाळ हवेत राहिले. मागोमाग धावत आलेल्या कुसुमनं पदर तोंडावर ओढला. पण आबा कसलेले कीर्तनकार. रडणारं पोर असो, गेलेली वीज असो, त्यांना काहीही चालायचं.

"ऐका, मंडळी, ऐका!" आबांनी दोन्ही हात वर केले. "माझं, माझं! जन्मभर जीव असाच धावतो. आणि धावत धावत येतो कुठं? देवाच्या दारात. तोही बनियनवर!"

देऊळ हसलं, टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, "मास्तरला भाव आला गं."

"आबा, भाव नाही आला! संशोधन आहे ते! वेगवेगळं ठेवलं होतं मी!"

"वेगवेगळं!" आबांना पुढचं निरूपण आयतंच मिळालं. "अरे, काल्यात वेगवेगळं कसं राहील? गोकुळात कोणी सांगावं, हा घास कोणाच्या घरचा? मास्तर, या. आज हे माझंपण तुमच्याच हातानं फुटू दे!"

कोणी कपाळाला बुक्का लावला, कोणी गळ्यात हार घातला आणि हातात काठी दिली. चार तगड्या कामगारांनी त्याला खांद्यावर उचललं. गजर इतका मोठा होता की त्याचं "नको, नको" कोणाला ऐकूच गेलं नाही. काठी हंडीला लागली की हंडी काठीला लागली, देव जाणे. वर्षभराचं संशोधन रमाकांतच्या टाळूवरून नाकावर आणि नाकावरून बनियनवर उतरलं. नकळत त्यानं ओठ चाटले. धुळं होतं, सुरत होती, की खेरडी, काही कळेना. चव मात्र सुरेख होती.

आणि मग त्याला दुसरा धक्का बसला. त्या वाट्यांत एक वाटी मुद्दाम नासवायला ठेवलेली होती.

त्या दिवशी दुपारभर तो आळीत फिरत होता. "पोट कसंय?" मंजुळाबाईंना विचारलं. "पोट कसंय?" चंदाबेनला विचारलं. संध्याकाळी पुन्हा गेला तेव्हा चंदाबेन हात जोडून म्हणाल्या, "मास्तरभाई, अमारं पोट एकदम सारूं छे! पण तुमी असंच विचारत राहिलात तर नक्की दुखणार!"

कोणालाच काही झालं नाही. उलट चंदाबेनचे सासरे, ज्यांच्या पोटाची तक्रार साऱ्या आळीला पाठ होती, ते दुसऱ्या दिवशी सकाळी शीळ घालत बाहेर पडले.

सोमवारी रमाकांतच्या डोक्यात उजेड पडला. वाट्या गेल्या तर गेल्या, घरं तर जागेवर आहेत! ज्या दारातून नमुना आणला, त्याच दारात पुन्हा जायचं. तो स्वच्छ धुतलेल्या वाट्या घेऊन निघाला. सगळ्यांनी हसत हसत दही दिलं. "आजचं लई झाक लागलं, मास्तर," मंजुळाबाई म्हणाल्या. चिमाबाईनं तर मडकंच पुढं केलं. रात्री चिठ्ठ्या लावून वाट्या फ्रिजमध्ये बसल्या. कुसुमनं फ्रिजला हळदकुंकू लावलं.

मंगळवारी घैसासमॅडम आल्या. चष्मा जाड आणि बोलणं मोजकं. आधी जेवण झालं. कुसुमचं दही वाढून घेताना मॅडम जरा मोकळ्या झाल्या.

"आमच्याकडे दही सासूबाईंच्या ताब्यात. त्यांच्या सासूबाईंपासूनचं विरजण आहे. कोणाला देत नाहीत, कोणाचं घेत नाहीत. मलासुद्धा हात लावू देत नाहीत."

"सोवळं फार का?" कुसुमनं विचारलं.

"सोवळं कसलं, हट्ट! बाकी सगळा वेळ कीर्तनात. कुठं टाळ वाजला की चालल्या."

"अय्या, मग आमच्यातल्याच म्हणा!" कुसुमचा चेहरा फुलला. ती लगबगीनं स्वयंपाकघरात गेली.

मग शाळेतून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाला मॅडमनी डोळा लावला. पहिली काच पाहिली. दुसरी पाहिली. तिसरी पाहून पुन्हा पहिली लावली. चष्मा काढला, पुसला, घातला.

"रमाकांत, ही धुळ्याची?"

"हो, मॅडम."

"ही सुरतेची? आणि ही मडक्यातली?"

"हो."

"सगळीकडे सगळे आहेत. काड्या, मणी, माळा. हे सगळं एकच दही आहे!" मॅडमचा आवाज चढला. "वर्षभर तुम्ही मला वेगळेपणाचे अहवाल पाठवलेत. ते खोटे, की हे खोटं?"

रमाकांतनं स्वतः डोळा लावला. प्रत्येक काचेत सगळं गोकुळ नांदत होतं. पीएच.डी. गेली ती गेलीच, वर लबाडाचा शिक्का बसणार होता.

तेवढ्यात मंजुळाबाई रविवारी नेलेल्यांतली एक राहिलेली वाटी परत द्यायला दारात आल्या.

"मंजुळाबाई, हे दही कुठलं?" रमाकांत कसाबसा म्हणाला. "धुळ्याचंच ना?"

"धुळ्याचं कुठलं आता? घरातलं समदं काल्याले देऊन टाकलं, विरजणाले थेंब नाही ठिवला. मंग परसादाचंच विरजण लावलं! मले तं चंदाबेननं सांगितलं, परसादाचं दही वर्षभर मोडत नाही. समद्या आळीनं तेच केलं."

"चिमाबाईनंसुद्धा?"

"ती तं लोटा भरून घेऊन गेली. खेरडीत वाटलं तिनं."

मॅडमनी डोळे मिटले. रमाकांतला वाटलं, आता संपलं. पण मॅडमचे खांदे हलायला लागले, आणि त्या चक्क हसत होत्या.

परतीच्या बसपर्यंत तो त्यांना पोचवायला गेला. वाटेत मॅडम म्हणाल्या, "लबाडी नाही, हे कळलं. पण तुलनेला दोन वेगळ्या वस्तू तर हव्यात? सिल्वासात आता दुसरं दही उरलंच नाही." मग त्या थबकल्या. "थांबा. आमच्या सासूबाईंचं विरजण! तीन पिढ्या बाहेरचा थेंब नाही. एका बाजूला अख्खं गाव मिसळलेलं दही, दुसऱ्या बाजूला एकाच घरात कोंडलेलं. अहो, हा तर तुमच्या विषयापेक्षा चांगला विषय आहे! नाव राहू दे तुमचं. येत्या रविवारी नमुना घ्यायला मुंबईला या."

रमाकांत भर रस्त्यात त्यांच्या पाया पडला. वापीची बस धूळ उडवत गेली, आणि देवळावरून येताना त्यानं मारुतीला आपणहून नमस्कार केला.

"कुसुम, वाचलो!" त्यानं घरात शिरतानाच सगळं सांगून टाकलं. "आता सगळी भिस्त मॅडमच्या सासूबाईंच्या दह्यावर. जगात तेवढं एकच चोख उरलंय."

कुसुमचा हात हळूहळू तोंडावर गेला.

"काय झालं?"

"मॅडमच्या पिशवीत मी एक डबा ठेवलाय. त्यांना नाही सांगितलं, वर चिठ्ठी लावलीय. सासूबाईंना प्रसाद म्हणून."

"कसला प्रसाद?"

"काल्याचा. आणि चिठ्ठीत लिहिलंय, विरजणात घाला, वर्षभर मोडणार नाही."

"त्या बाहेरचं घेत नाहीत, कुसुम! मॅडम म्हणाल्या ना!"

"अहो, बाहेरचं नाही घेत. पण प्रसादाला कीर्तनातलं माणूस नाही कसं म्हणेल?"

रमाकांतनं शर्ट ओढला, बटणं उलटीसुलटी लावली आणि एका पायात चप्पल घालून दाराकडे धावला. पुढची बस धरली तर वापीला मॅडमची मुंबईची रेल्वे सुटायच्या आत गाठता येईल.

"थांबा, थांबा! असे नका जाऊ!" कुसुम मागून धावत आली. एवढ्या मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं जाऊ द्यायचं? तिनं त्याचा उजवा हात उघडला आणि त्यावर साखर घातलेलं दही ठेवलं.